प्रायोजकांच्या पाटीची कुळकथा

आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदेच्या माहितीपत्रकाचे शेवटचे पान बहुतेक ठिकाणी एकाच नमुन्याचे असते. वर ‘प्लॅटिनम’, त्याखाली ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ आणि ‘ब्रॉन्झ’ प्रायोजक. प्रत्येक थरात बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, विद्यापीठे, न्यास आणि दूतावास यांची बोधचिन्हे, आणि रक्कम जितकी मोठी तितके चिन्ह मोठे. ही पाटी कंपन्यांच्या जाहिरातखात्याने जन्माला घातली, असा सर्वसाधारण समज आहे. तिच्या वंशावळीतला एक महत्त्वाचा पूर्वज मात्र शीतयुद्धात सापडतो. नाव छापण्याची रीत तिथेही होती, पण पैसा कुणाचा हे लपवण्यासाठी.

दात्याचे नाव कोरण्याची हौस जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. अथेन्समध्ये नाट्यस्पर्धेच्या गायकवृंदाचा खर्च उचलणारे धनिक विजयानंतर स्मारक उभारत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्नेगी, रॉकफेलर आणि फोर्ड यांच्या नावांची प्रतिष्ठाने निघाली आणि शिक्षणक्षेत्राला मोठ्या देणग्यांची सवय झाली. इथपर्यंतचा इतिहास सर्वपरिचित आहे.

विद्यार्थी परिषदांचा प्रवाह १९४६ मध्ये वेगळा होतो. त्या वर्षी प्रागमध्ये इंटरनॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स स्थापन झाली. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि ही संघटना मॉस्कोच्या कलाने चालू लागली. पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थी संघटना तिच्यापासून दूर झाल्या. डिसेंबर १९५० मध्ये २१ देशांच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनांचे प्रतिनिधी स्टॉकहोमला जमले आणि ‘इंटरनॅशनल स्टुडंट कॉन्फरन्स’, म्हणजे आयएससी, सुरू झाली. १९५२ मध्ये एडिंबरा अधिवेशनात तिच्या समन्वय सचिवालयाची योजना ठरली. हे सचिवालय नेदरलँड्समधील लायडन येथे थाटण्यात आले. पुढची अधिवेशने इस्तंबूल, श्रीलंकेतील पेरादेनिया, इबादान, लिमा, क्राइस्टचर्च अशा ठिकाणी भरली.

एवढ्या लांबवर विद्यार्थी पोचवायचे म्हणजे विमानाची तिकिटे, दुभाषे, छपाई आणि पगारी कर्मचारी लागतात. सदस्य संघटनांची वर्गणी त्याला पुरणारी नव्हती. उणीव भरून काढली ती प्रतिष्ठानांनी. त्यांत अग्रभागी होते न्यूयॉर्कचे ‘फाउंडेशन फॉर यूथ अँड स्टुडंट अफेअर्स’. त्याच्या जोडीला ‘सॅन हासिंटो फंड’ होता. १९६२ ते १९६४ या काळात आयएससीच्या उत्पन्नापैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम या दोघांकडून आली, असे पुढे ‘रॅम्पार्ट्स’ या अमेरिकी मासिकाने खुद्द आयएससीच्या नोंदींवरून दाखवले.

या नोंदी लपवलेल्या नव्हत्या, हे इथे लक्षात घ्यायला हवे. प्रतिष्ठानाचे नाव हिशेबात उघडपणे येई. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांत स्टुबेन ग्लास या काचसामानाच्या कंपनीचे आर्थर हॉटन यांच्यासारखे प्रतिष्ठित उद्योजक होते. एखाद्या विद्यार्थ्याला शंका आलीच, तर नावाकडे बोट दाखवणे पुरेसे होई. पैसा मूळचा सीआयएचा होता. तो आधी कागदोपत्री असलेल्या एखाद्या निधीत जाई, तिथून खऱ्याखुऱ्या प्रतिष्ठानात आणि मग विद्यार्थ्यांकडे. यादीत उरे ते शेवटच्या पायरीवरचे नाव. म्हणजे प्रायोजकांची यादी इथे पडद्याचे काम करत होती, आणि पडदा जितका स्वच्छ व नक्षीदार, तितका उपयोगी होता.

या पद्धतीचा विस्तार किती होता, ते १९७५-७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने मोजले. फोर्ड, रॉकफेलर आणि कार्नेगी ही तीन बडी नावे वगळता १६४ प्रतिष्ठानांनी १९६३ ते १९६६ या काळात १०,००० डॉलरपेक्षा मोठी ७०० अनुदाने दिली होती. त्यांपैकी किमान १०८ अनुदानांत सीआयएचा पूर्ण किंवा अंशतः पैसा होता. आंतरराष्ट्रीय कार्यासाठी या प्रतिष्ठानांनी दिलेल्या अनुदानांत तर हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते.

पडद्याला पहिले भोक पाडले ते करतपासणीने. ऑगस्ट १९६४ मध्ये काँग्रेस सदस्य राइट पॅटमन करमुक्त प्रतिष्ठानांची चौकशी करत होते. न्यूयॉर्कचा जे. एम. कॅप्लन फंड सीआयएच्या पैशाची वाट आहे, हे त्यांनी सुनावणीत उघड केले. त्याला रक्कम पुरवणाऱ्या गॉथम, बोर्डन, बीकन, केंटफिल्ड अशा आठ निधींची नावेही बाहेर आली. त्यानंतर लगेचच विषय मिटवण्यात आला, पण नावे छापून गेली होती.

दुसरे भोक पाडले ते निधी गोळा करणाऱ्या माणसाने. अमेरिकेची नॅशनल स्टुडंट असोसिएशन ही आयएससीची प्रमुख सदस्य होती. मायकल वुड १९६५-६६ मध्ये तिचे निधीसंकलन पाहत. काही ठरावीक प्रतिष्ठानांशी होणारा व्यवहार मात्र त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. पैसे मागणे हेच ज्याचे काम, त्यालाच मोठ्या दात्यांपासून दूर ठेवण्यात काहीतरी काळेबेरे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९६६ मध्ये संघटनेचे अध्यक्ष फिलिप शेरबर्न यांनी त्यांना खरा प्रकार सांगितला. निवडून आलेल्या मोजक्या पदाधिकाऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ लिहून घेतली जाई. वुड ‘रॅम्पार्ट्स’कडे गेले. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मासिकाने मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन हा गौप्यस्फोट जाहीर केला. मार्चअखेर, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी या प्रकरणासाठी नेमलेल्या काट्झेनबाख समितीने शिफारस केली की कोणत्याही सरकारी खात्याने देशातील शैक्षणिक वा खाजगी स्वयंसेवी संस्थांना गुप्त अर्थसाहाय्य देऊ नये. जॉन्सन यांनी ती स्वीकारली. पैसा आटला, त्याहून वेगाने विश्वास आटला आणि १९६९ मध्ये आयएससी संपली.

त्याच १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे पाच विद्यार्थ्यांनी दुसरी आयएससी काढली: ‘इंटरनॅशनल स्टुडंट्स कमिटी’. तिचे सिंपोझियम आजही दरवर्षी भरते. अभ्यासाला सुट्टी देऊन विद्यार्थीच ते उभे करतात. जगभरातून निवडलेले सुमारे २०० तरुण तिथे उद्योगपती आणि राजकारणी यांच्यासमोर बसतात. खर्चाचा भार उचलणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावाने येतात आणि आपला हेतूही सांगतात. त्यांना हुशार तरुण हेरायचे असतात आणि त्यांच्या मनात आपले नाव रुजवायचे असते.

आद्याक्षरे जुळणे हा योगायोग आहे. वर्ष जुळणे मात्र निव्वळ योगायोग मानता येत नाही. सेंट गॅलनचे मूळ १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांना दिलेल्या उत्तरात आहे, असे संस्थापकांच्या परंपरेत सांगितले जाते. दगड उचलण्याऐवजी संवाद, हा त्यांचा आग्रह होता. हे खरे आहे, पण तेवढ्याने कंपन्यांच्या उघड उपस्थितीचा उलगडा होत नाही. त्या वर्षांत कारखानदाराकडून पैसे घेणारा विद्यार्थी संशयास्पदच ठरला असता. तरीही ही रीत टिकली, याचे कारण १९६७ च्या धक्क्यात असावे. निरपेक्ष म्हणवणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावावरचा विश्वास उडाला होता. त्यापुढे ज्याचा स्वार्थ पाटीवरच दिसतो असा दाता अधिक निर्धोक वाटू लागला. कंपनीला विद्यार्थी नोकरीला हवे असतात, हे कुणी शोधून काढावे लागत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धांत क्रीडाक्षेत्राचा आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयोजन समितीचे प्रमुख पीटर युबेरॉथ यांनी प्रायोजकांची संख्या मर्यादित ठेवून प्रत्येकाकडून मोठी रक्कम घेतली. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक समितीने जागतिक प्रायोजकांची योजना आणली. सोने, रुपे आणि कांस्य ही उतरंड पदकांचीच, असे या सिद्धांताचे म्हणणे. ते खालच्या तीन थरांना लागू पडते. अडचण येते ती प्लॅटिनमची, कारण ऑलिंपिकमध्ये प्लॅटिनमचे पदक नाही. हा धातू आला तो अन्य दोन दारांनी. अमेरिकी ध्वनिमुद्रिका उद्योगाने १९५८ मध्ये ‘गोल्ड’ प्रमाणपत्र सुरू केले होते. १९७६ मध्ये त्यावर ‘प्लॅटिनम’ चढवले. अमेरिकन एक्स्प्रेसने १९६६ मध्ये गोल्ड आणि १९८४ मध्ये प्लॅटिनम कार्ड काढले. सोन्याच्या वर आणखी एक पायरी विकण्याची कल्पना दुकानदारीतली आहे, मैदानातली नाही. तेव्हा पाटीची रंगरंगोटी क्रीडा आणि कार्डांकडून आली असे मानावे. नाव, हेतू आणि रक्कम यांची उघड सांगड घालण्याचा हट्ट त्याआधीचा आहे.

भारतात या हट्टाला कायद्याचे रूप मिळाले. सीआयएकडून पैसा घेतल्याचे उघड झालेल्या एशिया फाउंडेशनला १९६८ मध्ये इथले काम गुंडाळावे लागले. १९६७ च्या निवडणुकांत परकीय पैसा आल्याच्या आरोपांवरून संसद तापली होती. गृहखाते तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होते आणि चौकशी गुप्तवार्ता विभागाने केली. या वादातून पुढे १९७६ चा परकीय अभिदाय नियमन कायदा झाला. शैक्षणिक, सांस्कृतिक वा सामाजिक संस्थेने परदेशातून किती रक्कम, कुणाकडून आणि कशी घेतली, हे केंद्र सरकारला कळवणे त्याने बंधनकारक केले. २०१० मध्ये त्याची जागा नव्या आणि अधिक कडक कायद्याने घेतली.

अशा रीतीने आजच्या पाटीवर तीन घराणी एकत्र नांदतात. थरांची नावे पदके आणि कार्डे यांची, मोठ्या चिन्हाचा मान जाहिरातीचा, आणि दात्याचे नाव जाहीर असलेच पाहिजे ही अट १९६७ ची. यांपैकी पहिली दोन बदलली तरी परिषदेचे अडत नाही. तिसरी मात्र फक्त शेवटच्या पायरीवरचे नाव सांगते. त्या नावामागे आणखी किती पायऱ्या आहेत हे पाटीवरून कळत नाही. त्यासाठी हिशेब पाहावा लागतो, आणि प्रायोजकांची निवड करणाऱ्या विद्यार्थी समितीचे पहिले काम तेच आहे.