स्क्योपेत्तीनो
इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील फ्रिउली प्रदेशात, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून असलेल्या प्रेपोत्तो या गावाच्या परिसरात पिकणारा, काळ्या सालीचा आणि वाइनसाठीच लावला जाणारा स्थानिक द्राक्षवाण. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा वाण नामशेष होण्याच्या बेतात होता. तो टिकला याचे मोठे श्रेय चाल्ला नावाच्या लहानशा दरीतील एका कुटुंबाच्या द्राक्षबागेकडे जाते, आणि त्यामुळे वाणाची माहिती व त्या बागेचा इतिहास यांची फारकत करता येत नाही. ‘रिबोल्ला नेरा’ म्हणजे काळी रिबोल्ला, तसेच सीमेवरील स्लोव्हेनियन भाषक वस्तीत ‘पोकाल्त्सा’, ही त्याची अन्य नावे होत; मात्र त्याच प्रदेशात पिकणाऱ्या रिबोल्ला या पांढऱ्या वाणाचा तो काळा प्रकार नव्हे, तर स्वतंत्र वाण आहे.

प्रेपोत्तो हे ऊदिने प्रांतातील गाव युद्रियो या लहान नदीच्या काठी वसलेले असून 1866 नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची सीमा याच नदीने आखलेली होती. आजही तिच्या वरच्या भागातून इटली आणि स्लोव्हेनिया यांची हद्द जाते. येथील टेकड्यांची जमीन ‘पोंका’ या स्थानिक नावाने ओळखली जाते. प्राचीन समुद्रतळावर साचलेल्या मार्ल (चुनामिश्रित चिकणमातीचा खडक) आणि वालुकाश्म यांचे एकाआड एक थर वर येऊन ती बनली असून, उन्हापावसात हा खडक सुटून त्याचा भुगा होतो, त्यात पाणी तुंबून राहत नाही आणि वेलीची वाढ आवरती राहते. उतार मोडून पायऱ्यांसारखे टप्पे करून त्यांवर वेली लावण्याची रीत येथे जुनी आहे, आणि अशा टेकडीवरच्या बागेला फ्रिउलीत ‘रोंक’ म्हणतात. चाल्लाची दरी या टेकड्यांतच, ओक व चेस्टनटच्या रानाने वेढलेली आहे. भोवतालच्या जंगलामुळे तेथील रात्री सपाटीपेक्षा थंड असतात, आणि ही बाब या वाणाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे.

वेलीच्या अंगभूत गुणदोषांतच तिच्या दुर्मिळतेचे एक कारण दडलेले आहे. स्क्योपेत्तीनोचा घड लांबट व मोठा, मणी टपोरा व रसाळ असतो, आणि फळ उशिरा पिकते. परंतु फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड किंवा पावसाळी असली, तर फळधारणा न होता फुले गळून जातात आणि उरलेल्या घडात काही मणी भरलेले तर काही वाटाण्याएवढेही न वाढलेले राहतात. नाशिक-सांगलीकडील बागायतदार ज्यांना ‘शॉट बेरी’ म्हणतात, तेच हे खुरटलेले मणी. परिणामी एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी अगदी तुटपुंजे पीक असा अनुभव येतो. जमीनदाराला खंड देणाऱ्या, वाइन हे ज्याच्या घरचे रोजचे पेय आणि विक्रीचा मालही होता अशा लहान शेतकऱ्याला हे परवडणारे नव्हते, आणि अधिक खात्रीचा वाण हाती येताच त्याने हा बाजूला टाकला, यात त्याचा दोष काढता येणार नाही.

ती संधी फायलोक्सेरामुळे आली. उत्तर अमेरिकेतून युरोपात शिरलेल्या आणि मुळांतील रस शोषून वेल मारणाऱ्या या कीटकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर सापडलेला उपाय म्हणजे कीटकाला दाद न देणाऱ्या अमेरिकन जातीच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम बांधणे. (महाराष्ट्रातही डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावर कलमे केली जातात, परंतु तेथे प्रमुख कारण फायलोक्सेरा नसून पाण्याचा ताण आणि जमिनीतील क्षार हे आहे.) या उपायाने युरोपातील वाइन वाचली, मात्र त्याने वाणांची एक मोठी निवडही करून टाकली, जिच्याकडे इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पूर्वी शेतकरी वेलीची फांदी मातीत दाबून तिथल्या तिथे नवी वेल करीत असे आणि त्यामुळे बापजाद्यांचा वाण आपोआप पुढे चालत असे. आता प्रत्येक वेल रोपवाटिकेतून, पैसे मोजून आणावी लागे, आणि रोपवाटिका मागणी असलेल्या वाणांचीच कलमे करीत. पुनर्लागवडीत मेर्लो, काबेर्ने यांसारखे फ्रेंच वाण फ्रिउलीत पसरले. पाठोपाठ पहिल्या महायुद्धात इझोंत्सो नदीवरची आघाडी याच भागात होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सीमेवरच्या टेकड्यांतील माणसे कामासाठी शहरांकडे व परदेशी निघून गेली. टप्प्यांवरच्या बागांत रान माजले.

उरलेसुरले काम कायद्याने केले. युरोपीय आर्थिक समुदायाने 1970 मध्ये वाइनच्या द्राक्षवाणांचे वर्गीकरण लागू केले. प्रत्येक प्रशासकीय विभागात कोणते वाण शिफारस केलेले आणि कोणते अनुमत आहेत याच्या याद्या त्यानुसार ठरल्या, आणि यादीत नसलेला वाण नव्याने लावणे बेकायदेशीर ठरले. स्क्योपेत्तीनो या यादीत नव्हता. निकृष्ट संकरित वाणांना आळा घालून वाइनचा दर्जा सांभाळणे हा अशा नियमांमागचा हेतू योग्यच होता. परंतु जो वाण आधीच इतका विरळ झालेला आहे की नोंदणी करणाऱ्याच्या नजरेला पडत नाही, त्याला असा नियम कायमचा गाडून टाकतो, आणि हे त्या व्यवस्थेचे गंभीर वैगुण्य होते.

अशा वेळी, 1970 मध्येच, पाओलो आणि दीना रापुत्सी या दांपत्याने चाल्लाच्या दरीतील एक ओसाड पडलेली मालमत्ता घेतली. पाओलो रापुत्सी त्यापूर्वी ओलिवेत्ती या टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. फ्रेंच वाणांचा सोपा मार्ग सोडून दरीत पूर्वी जे पिकत होते तेच लावायचे, असे या दोघांनी ठरविले, आणि आसपासच्या जुन्या बागांत हिंडून स्क्योपेत्तीनोच्या उरलेल्या वेली शोधून काढल्या. या वेली शंभराच्या आतच भरल्या. त्यांच्या काड्या घेऊन कलमे करण्यात आली आणि चाल्लाच्या टप्प्यांवर लावण्यात आली. ही लागवड त्या वेळच्या नियमांनुसार परवानगीबाहेरची होती. ‘रोंकी दी चाल्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बागेची पहिली स्क्योपेत्तीनो वाइन 1977 च्या हंगामाची आहे.

या धाडसाला सार्वजनिक आधार मिळाला तो एका अनपेक्षित ठिकाणाहून. पेर्कोतो येथील नोनीनो कुटुंब ग्राप्पा, म्हणजे वाइन काढून उरलेल्या चोथ्याचे ऊर्ध्वपातन करून बनविलेले मद्य, तयार करते. 1973 मध्ये या कुटुंबाने पिकोलीत या एकाच स्थानिक वाणाच्या चोथ्यापासून ग्राप्पा काढली, आणि स्थानिक वाणच नाहीसे होत असतील तर त्यांचा चोथाही मिळणार नाही हे त्यांच्या ध्यानात आले. 1975 मध्ये त्यांनी ‘रिझीत दाउर’ हा पुरस्कार स्थापन केला. त्याचा उद्देश स्क्योपेत्तीनो, पिन्योलो आणि तात्सेलेंगे या अस्तंगत होत चाललेल्या वाणांची लागवड करणाऱ्यांचा गौरव करणे हा होता, आणि 1976 मधील पहिला पुरस्कार रापुत्सी दांपत्याला मिळाला. कायद्याने मनाई केलेल्या लागवडीचा असा उघड सन्मान झाल्याने प्रशासनाला त्या नियमाकडे पुन्हा पाहावे लागले, आणि 1978 मध्ये ऊदिने प्रांतात स्क्योपेत्तीनोच्या लागवडीला युरोपीय समुदायाची मान्यता मिळाली.

बागेतील कामाचे स्वरूप या वाणाच्या स्वभावानेच ठरते. महाराष्ट्रात वेल विश्रांती घेत नसल्याने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. फ्रिउलीत वेल हिवाळ्यात पाने टाकून निद्रिस्त होते आणि त्या काळात एकच मुख्य छाटणी होते. उन्हाळ्यात घडांची विरळणी केली जाते, आणि लांब घडाचा शेंडा उशिरा व असमान पिकत असल्याने बरेच बागायतदार तो हाताने कापून टाकतात, जेणेकरून खांद्याकडील मण्यांना पूर्ण गोडी येईल. अशा रीतीने आधीच बेभरवशाचे असलेले पीक आणखी कमी केले जाते. टप्प्यांवर मोठी यंत्रे चालत नाहीत, पावसाचे प्रमाण भरपूर असल्याने केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवर सतत लक्ष ठेवावे लागते, आणि तोडणी हातानेच करावी लागते. हा श्रमांचा हिशेब मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात बसणे कठीण असते. कुटुंबाच्या बागेत तो बसतो, कारण तेथे मजुरीचा बराच भाग घरातल्याच माणसांच्या हातांतून जातो आणि वर्षांचा विचार पिढीच्या मापाने होतो.

स्क्योपेत्तीनोच्या वाइनची ओळख म्हणजे तिच्यातील काळ्या मिरीचा स्पष्ट गंध. हा गंध रोटंडोन या संयुगाचा असतो. हे संयुग प्रथम नागरमोथ्याच्या, म्हणजे भारतात शेताच्या बांधावर उगवणाऱ्या आणि उटण्यात व आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या सुगंधी वनस्पतीच्या, तेलात आढळले, आणि त्याचे नावही नागरमोथ्याच्या ‘सायपेरस रोटंडस’ या शास्त्रीय नावावरून आले आहे. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शिराझ या वाणाच्या वाइनमधील मिरीचा वास याच संयुगाचा असल्याचे दाखविले. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन संशोधनात ते स्क्योपेत्तीनोमध्येही मोजले गेले. तांबड्या वाइनमध्ये ते लिटरला 16 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या सुमारे सहा कोटी भागांपैकी एक भाग, इतक्या अल्प प्रमाणातही जाणवते, तरीही दर पाच माणसांपैकी सुमारे एकाला ते अजिबात जाणवत नाही. रोटंडोन मुख्यतः मण्याच्या सालीत, फळ पक्व होत असताना साठते, आणि थंड हंगामात व थंड जागी त्याचे प्रमाण वाढते. चाल्लासारख्या रानाने वेढलेल्या दरीत उशिरा पिकणारा हा वाण का शोभतो, याचा खुलासा येथे मिळतो. टेकड्यांच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जी जागा या वेलीसाठी राखली होती, ती तिच्या रसायनशास्त्राला धरूनच होती.

चाल्लाच्या दरीला 1995 मध्ये स्वतंत्र उपक्षेत्राचा दर्जा मिळाला. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइन रेफोस्को, स्क्योपेत्तीनो, पिकोलीत, वेर्दुत्सो व रिबोल्ला या स्थानिक वाणांच्याच असाव्या लागतात. प्रेपोत्तोतील इतर बागायतदारांनीही नंतर आपली संघटना उभारली, आणि त्या गावच्या स्क्योपेत्तीनोला वेगळे नाव व वेगळे नियम मिळाले. वाइन लाकडी पिंपांत मुरवून बराच काळ ठेवता येते हे चाल्लातील जुन्या बाटल्यांनी दाखवून दिल्यावर, टेकडीवरच्या शेतकऱ्यांचे साधे पेय अशी तिची जुनी ओळख मागे पडली.

दुर्मिळ वाण जपण्याचे दोन मार्ग आहेत. संशोधन संस्थांच्या संग्रहात प्रत्येक वाणाच्या मोजक्या वेली राखल्या जातात आणि हे काम आवश्यकच आहे. परंतु संग्रहातील वेलीला फळ येते ते मोजण्यापुरते, आणि तिचा थंड पावसाळी वर्षांत कसा सांभाळ करावा, शेंडा केव्हा कापावा, तोडणी किती लांबवावी हे ज्ञान ती वाइनसाठी लावणाऱ्या बागेतच तयार होते. जगातील सर्वांत मोठ्या वेल-रोपवाटिकांपैकी एक सहकारी रोपवाटिका फ्रिउलीतच, राउशेदो येथे आहे, आणि तरीही या वाणाचा शोध एका नवख्या कुटुंबाला जुन्या बागांतून हिंडून घ्यावा लागला, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. आज या वाणापुढची खरी अडचण त्याच्या अरुंद वंशाधाराची आहे, कारण फार थोड्या मूळ वेलींपासून त्याचा प्रसार झाला. रोपवाटिकेतून एकाच निवडक वेलीची हजारो हुबेहूब रोपे, म्हणजे ‘क्लोन’, लावल्यास पीक एकसारखे येते, पण उरलेली विविधता हरवते. त्याऐवजी स्वतःच्या बागेतील अनेक वेगवेगळ्या जुन्या वेलींच्या काड्या घेऊन मिश्र लागवड करण्याची पद्धत, जिला समूहनिवड म्हणतात, ती विविधता राखते, आणि ज्या बागांत जुन्या वेली अजून उभ्या आहेत तेथेच ती करता येते.