अभ्यासात कोण नव्हतं? मेंदूतल्या एव्हीएमच्या उपचारांची गोष्ट

एम.एस्सी.ला असताना एका गाजलेल्या पेपरचं सार मी वहीत एका ओळीत लिहिलं होतं: 'एव्हीएम असेल तर उपचार न केलेलाच बरा.' ती ओळ चुकीची होती. का, ते समजायला थोडा इतिहास बघू.

एव्हीएम म्हणजे धमन्या आणि शिरांचा गुंता. मधलं केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. त्यामुळे धमनीतलं जोराचं रक्त थेट शिरेत घुसतं, आणि कधीतरी गुंता फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. रुग्ण वाचला, तर पुढचा प्रश्न उरतोच: गुंता काढायचा की ठेवायचा?

1928 मध्ये कुशिंग आणि बेली यांनी अमेरिकेतले असे रुग्ण नोंदवले, तेव्हा शस्त्रक्रियेबद्दल त्यांचा सूर निराशेचाच होता. पण 1927 मध्येच लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या होत्या. पुढे ऑपरेशनआधीच गुंता दिसू लागला. 1960 मध्ये ल्युसेनहॉप आणि स्पेन्स यांनी धमनीतून प्लास्टिकचे मणी सोडून तो बुजवायचा प्रयत्न केला. 1970च्या सुमारास स्टॉकहोममध्ये गॅमा नाइफचे किरण वापरले गेले. कवटी उघडावी लागत नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतोच.

पर्याय वाढले, तशी निवड अवघड झाली. 1986 मध्ये स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी सोपी श्रेणी दिली: आकाराला 1 ते 3 गुण, बोलणं-हालचाल अशा महत्त्वाच्या भागात असेल तर 1, खोल शिरांत रक्त जात असेल तर 1. बेरीज जितकी जास्त, तितकी शस्त्रक्रिया धोक्याची.

पण काहीच केलं नाही तर? 1990 मध्ये फिनलंडमधल्या 160 रुग्णांचा सरासरी सुमारे 24 वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दरवर्षी 4 टक्के. इथे 4 गुणिले 20 असं करू नका हं! दर तोच धरला तर 20 वर्षांत किमान एकदा रक्तस्राव व्हायची शक्यता 80 नाही, साधारण 56 टक्के येते.

आता तो गाजलेला पेपर: 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली 'अरुबा' चाचणी. 223 रुग्ण. मृत्यू किंवा पक्षाघात हस्तक्षेपाच्या गटात 30.7 टक्के, फक्त औषधांच्या गटात 10.1 टक्के. फरक इतका मोठा, की 2013 मध्येच नवे रुग्ण घेणं थांबवलं.

मग माझी ओळ चुकली कुठे? अरुबात फक्त न फुटलेले एव्हीएम होते. ज्यांना रक्तस्राव झाला होता ते आधीच वगळलेले. आणि त्यांच्यातच पुन्हा रक्तस्रावाचा धोका जास्त असतो, विशेषतः पहिल्या वर्षी. शिवाय सरासरी मागोवा 33 महिन्यांचा. हस्तक्षेपाचा धोका सुरुवातीलाच दिसतो, न करण्याचा धोका आयुष्यभर साठत जातो.

म्हणून फुटलेल्या एव्हीएमसाठी हिशोब वेगळा: लहान आणि वरवरचा असेल तर बहुधा शस्त्रक्रिया, लहान पण खोल असेल तर किरण, गुंता आतून बुजवणं बऱ्याचदा जोडीला. श्रेणी 4-5 असेल तर मात्र अनेकदा हात न लावणंच पत्करतात.

तर पुढचा पेपर उघडाल तेव्हा निष्कर्षाआधी 'कोणाला घेतलं, कोणाला वगळलं' हा परिच्छेद वाचा. माझ्या वहीतली ती एक ओळ एखाद्या रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी खरी मानली असती तर?