अण्णांची गाडी, ड्युको आणि पाच मायक्रॉन

लागून सुट्टी आली म्हणून कळंबला गेलो होतो. रस्ता नेहमीचाच. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा. फरक एवढाच की या वेळी डिकीत कपड्यांच्या बॅगेशेजारी एक नवं कोरं पॉलिशिंग मशीन होतं. सोबत फोमचे चार पॅड, कंपाउंडची बाटली, मास्किंग टेप आणि मायक्रोफायबरची डझनभर फडकी. दोन महिने रात्री-रात्री व्हिडिओ बघून झाले होते. आता अण्णांच्या २००७ सालच्या लाल गाडीवर प्रयोग करायचा होता.

मशीन बघून अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी विकायची ठरवली का रे तुम्ही?"

मी "छे हो" म्हणालो, पण ते काही खरं नव्हतं. ताईचं आणि माझं फोनवर बोलणं झालं होतं. अण्णा चौऱ्याहत्तरचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री समोरून येणाऱ्या लाइटचा त्रास होतो. आता गाडी नको, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. फक्त ते अण्णांना सांगायचं कुणी, हे ठरलं नव्हतं. आणि आमच्याकडे गाडीला पॉलिश कधी मारतात हे अख्ख्या गावाला माहीत आहे. गिऱ्हाईक येणार असलं की.

असो. आधी रोगाचं निदान करू.

उन्हात उभी गाडी लांबून बरी दिसते. पण अंधारात मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरला की खरं रूप कळतं. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल-गोल बारीक ओरखडे. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात ते फक्त त्या ठिपक्याभोवती आडवे आलेले. म्हणून ते गोल वाटतात. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेनं परततो, त्याला आपण चमक म्हणतो. खरवडलेला असेल तर तोच प्रकाश विखुरतो आणि रंग मेल्यासारखा दिसतो.

आता हे ओरखडे आले कुठून? पुण्यात माझी गाडी आठवड्याला धुतली जाते. कळंबला तसं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. लातूरला पाणी देणारं मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण तेव्हा कोरडं पडलं होतं, आणि हे धरण आमच्या कळंबच्या शेजारचं. त्या वर्षी गाडीवर पाणी ओतणं म्हणजे शेजाऱ्यांसमोर पाप. अण्णा रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडी पुसायचे. धूळ म्हणजे बारीक दगडच. कोरड्या फडक्यानं ती रंगावर फिरवायची म्हणजे पॉलिश पेपरच मारायचा. ती सवय पुढं चांगला पाऊस झाला तरी सुटली नाही. थोडक्यात, बॉनेटवर जे दिसत होतं ती आमच्या दुष्काळाची लॉग फाईल होती.

आता जरा मागं जाऊ. कारण बॉक्समधली एकेक वस्तू बाहेर काढताना माझ्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं शंभरेक वर्षांपूर्वीच्या चार-पाच वर्षांत सापडतात.

सुरुवात आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावापासून करतो. २०२३ मध्ये धाराशिव झालं, त्याआधीचं उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अलींचं. १९४८पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानातच होतो. त्यांच्या वडिलांनी मागवलेली एक पिवळीधमक रोल्स रॉइस वडिलांच्या निधनानंतर हैदराबादला पोचली. १९१२ची सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनासारखी बैठक, बांधणी लंडनच्या बार्करची. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये बघायला मिळते. फार कमी चालवली गेलेली गाडी आहे.

त्या जमान्यात गाडीला रंग द्यायची पद्धत थेट घोड्यांच्या बग्गीवरून आलेली. ब्रशनं तेलाचा रंग आणि व्हार्निश. एक हात मारायचा, काही दिवस वाळू द्यायचा, ज्वालामुखीच्या दगडाची पूड आणि पाणी घेऊन नमद्यानं घासायचा, परत पुढचा हात. असे अनेक थर. एका गाडीच्या रंगाला दोन ते चार आठवडे सहज जायचे. म्हणजे चमक ही तेव्हा मिळवायची गोष्ट होती, थरावर थर चढवून आणि माणसाचे हात झिजवून.

राजाच्या गाडीला हे परवडतं. पण १९१३ मध्ये फोर्डनं असेंब्ली लाइन सुरू केली आणि चॅसी जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. आता गाडी दीड तासात जोडायची आणि रंग वाळायला महिनाभर थांबायचं? आमच्या भाषेत बोलायचं तर बॉटलनेक सरकला. फोर्डनं १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात हट्टापेक्षा हिशोब जास्त होता. काळं व्हार्निश भट्टीत भाजून लवकर वाळवता यायचं, स्वस्त पडायचं आणि टिकायचं.

आता ती चार-पाच वर्षं बघा. १९२१ मध्ये थ्रीएम कंपनीनं पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर बाजारात आणला. कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या, शाई बनवणाऱ्या एका माणसाची. पेपर ओला करून घासता येऊ लागला आणि रंगाऱ्यांच्या नाकातोंडात जाणारी शिसंमिश्रित धूळ कमी झाली. आपल्या गॅरेजात याला आजही वॉटर पेपर म्हणतात.

१९२३ मध्ये ड्युपाँ कंपनीचा ड्युको रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला, निळ्या रंगात. हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. बंदुकीची दारू आणि सिनेमाची फिल्म ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला. स्प्रेनं मारायचा, काही तासांत वाळायचा. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रंगांची दुकानंच उघडली. फक्त एक मेख होती. हा रंग वाळल्यावर मंद दिसायचा, झगझगीत हवा असेल तर वरून घासावा लागायचा. रबिंग कंपाउंड आणि बफ यांचं महत्त्व इथून वाढलं.

गाड्या दोनरंगी झाल्या. मग दोन रंगांच्या मधली रेघ सरळ कशी ठेवायची? रंगारी वर्तमानपत्र डिंकानं चिकटवायचे आणि काढताना नवा रंगही सोबत निघायचा. त्यांची वैतागलेली बडबड थ्रीएमच्याच रिचर्ड ड्रू या तरुणानं एका गॅरेजात ऐकली, आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप आली. मी अण्णांच्या गाडीच्या काळ्या बीडिंगवर लावली तीच. (शंभर वर्षांत या टेपचं काही बिघडलं नाही. आपलं एक रिलीज दोन आठवडे टिकत नाही!)

ड्युको तर आपल्याकडे येऊन असा रुजला की ते एका ब्रँडचं नाव होतं हेच आपण विसरलो. सुतार आजही विचारतो, "लॅमिनेट लावायचं का ड्युको मारायचा?"

आपल्याकडे गाडी ही बरीच वर्षं दुर्मिळ वस्तू होती. आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं फियाट, आणि १९७४पासून पद्मिनी. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत नवी गाडी म्हणजे नंबर लावून वाट बघणं. त्यामुळं एकच गाडी वीस-तीस वर्षं चालायची आणि दोन-तीनदा तरी नव्यानं रंगवली जायची. पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, वॉटर पेपर मारायचा, रंग मारायचा, रबिंग करायचं. गावोगावच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची एक अख्खी पिढी यावर जगली. रंग संपला तर परत मारता येतो, ही त्या पिढीची खात्री होती.

कंपनीचा रंग मात्र बदलत गेला. पत्रा आधी रसायनाच्या हौदात बुडवायचा, मग प्राइमर, मग रंग, मग वरून पारदर्शक क्लिअर कोट, आणि सगळं भट्टीत भाजायचं. १९८०च्या दशकात जगभर हीच पद्धत रुळली. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. म्हणजे ज्या चमकेसाठी आपण लाखो रुपये मोजतो ती केसाहून पातळ आहे.

आता मुद्दा असा. मशीन पॉलिश म्हणजे या थरात भर घालणं नाही, तर त्यातून काढणं. ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. एका वेळी दोन-चार मायक्रॉन, फार तर पाच. मेण लावलं तर तेवढ्यापुरतं झाकलं जातं, पण घासलेलं परत येत नाही. अनडू नाही, बॅकअप नाही, थेट प्रॉडक्शनवर काम.

ही गोष्ट मला एकदा महागात पडून कळली होती. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका वॉशिंग सेंटरवाल्यानं माझ्या जुन्या गाडीवर ग्राइंडरला लोकरीचा बफ लावून हात साफ केला. ग्राइंडरसारखं मशीन एकाच आसावर गरागरा फिरतं. जरा थबकलं की तिथं रंग तापतो, आणि पत्र्याच्या कडेवर तर थर आधीच पातळ असतो. बॉनेटच्या धारेवर दोन इंच प्राइमर उघडा पडला. "इतकं चालतं साहेब," असं उत्तर मिळालं. म्हणून या वेळी मी आणलं ते ड्युअल ॲक्शन मशीन. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डुलतोही. जास्त दाबलं की फिरणं थांबतं. नवशिक्यासाठी बरं. काम हळू होतं, पण चूकही हळू होते.

शनिवारी सकाळी बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. टेप लावली. बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन आखला, पॅडवर कंपाउंडचे चार थेंब घेतले, मशीन टेकवूनच बटण दाबलं. उभे हात, आडवे हात, सावकाश. दोन मिनिटांनी मशीन उचललं आणि पोटात गोळा आला. पांढरा पॅड लालभडक! मनात आलं, संपलं, रंग उतरवला आपण.

अण्णांनी काही न बोलता गल्लीतल्या चाचांना हाक मारली. चाचांनी चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या, आता दुकान मुलाकडे आहे. त्यांनी पॅड बघितला, बॉनेटवर बोट फिरवलं आणि हसले.

"घाबरू नको बेटा. जळालं नाही काही. या रंगावर लॅकर मारलेला नाही, सरळ रंगच आहे. घासला की लाल येणारच. हा रंग आमच्या वेळच्यासारखा."

मग कोरड्या मायक्रोफायबरनं तो चौकोन पुसला. खरं सांगतो, त्या दीड फुटात समोरच्या लिंबाची पानं मोजता येत होती. बाजूचं बॉनेट फिकट गुलाबी आणि हा चौकोन नव्या कुंकवासारखा. अण्णा चष्मा वर करून वाकून बघत राहिले. २००७ मध्ये शोरूममधून आणली तेव्हा अशी होती, एवढंच म्हणाले.

दिवसभर काम केलं. खांदे भरून आले. ड्रायव्हरच्या दारावर एक खोल ओरखडा होता, नखाला लागणारा. मी परत कंपाउंड घेतलं तेव्हा चाचांनी हात धरला. "सोड तो. तो काढायला गेलास तर दार पांढरं होईल. रंग किती उरलाय ते बघून घासायचं, ओरखडा किती आहे ते बघून नाही."

धरणाशेजारच्या गावाला हे शहाणपण वेगळं शिकवायला नको. किती हवंय याच्याआधी किती उरलंय बघायचं. मी तो ओरखडा सोडला.

रात्री जेवताना मीच विषय काढला. ताईचं आणि माझं काय बोलणं झालं होतं ते सांगितलं. अण्णा बराच वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. पॉलिश मारायला लागलास तेव्हाच कळलं. रात्रीची चालवत नाही मी. आता बार्शीलाही नेणार नाही. पण मला विचारून ठरवा की रे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओरखडे दिसले की घासायला घ्यायचं, एवढंच मला येत होतं.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला जाऊन आलो. गाडी अण्णांनी चालवली, मी शेजारी बसलो. चाळीसच्या वर काटा गेला नाही. विकायचं काय ते दिवाळीला ताई आली की तिघं बसून ठरवणार आहोत. मशीन मी कळंबलाच ठेवून आलोय, पण कंपाउंडची बाटली परत आणली. मायक्रोफायबरची फडकी मात्र सगळी अण्णांना दिली, आणि कोरडी वापरायची नाहीत असं तीनदा सांगितलं. अर्धी बादली पाणी पुरतं.