घरखर्चातून उरलेले १०३ पौंड

डाळीच्या डब्यात किंवा साड्यांच्या घडीत जपून ठेवलेल्या नोटा आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या हाती पाहिल्या असतील. घरखर्चासाठी मिळालेल्या रकमेतून काटकसरीने मागे टाकलेला हा पैसा अडीअडचणीला बाहेर येतो. पण तो नेमका कोणाचा? ज्याने कमावला त्याचा, की जिने वाचवला तिचा? पतिपत्नींनी घरखर्चाचा भार न्यायाने कसा वाटून घ्यावा, याची चर्चा पुष्कळ होते. उरलेल्या पैशाचे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. आजचा धागा त्या खटल्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या इंग्लिश कायद्यानुसार विवाह होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची मिळकत त्याची आणि तिचे कर्जही त्याचेच. कॅरोलिन नॉर्टन ही त्या काळातील नामवंत लेखिका. पतीपासून वेगळी राहत असतानाही तिच्या लेखनाच्या मानधनावर कायद्याने हक्क त्याचाच होता. मग तिने याच कायद्याचे दुसरे टोक धरले. देणेकरी दारात आले, की ती त्यांना पतीकडे पाठवी. १८५३ मध्ये तिच्या घोडागाडीच्या दुरुस्तीचे बिल वसूल करण्यासाठी कारागिरांनी खरोखरच त्याला न्यायालयात खेचले!

नॉर्टन आणि तिच्यानंतरच्या स्त्रियांच्या लढ्यातून १८७० आणि १८८२ चे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले. स्त्रीची कमाई आणि तिची मालमत्ता आता तिची स्वतःची झाली. इतिहासाची पुस्तके बहुधा या विजयापाशी प्रकरण संपवतात. मात्र जिला मजुरीच नव्हती, जी दिवसभर घरात राबत होती, तिच्या हाती या कायद्याने काय दिले? जवळजवळ काहीच नाही.

हे १९४३ मध्ये उघडे पडले. युद्धाचे आणि शिधापत्रिकांचे दिवस. श्रीमती ब्लॅकवेल यांनी पतीने दिलेल्या घरखर्चाच्या पैशांतून बचत करून सहकारी भांडाराच्या खात्यात १०३ पौंड १० शिलिंग जमवले होते. पतिपत्नी विभक्त झाल्यावर या रकमेवरून वाद झाला आणि अपील न्यायालयाने निकाल दिला, की सर्व पैसा पतीचा.

न्यायाधीशांचा तर्क कायद्याच्या चौकटीत सुसंगत होता, हे मान्य करावे लागते. पैसा एका विशिष्ट कामासाठी दिला. काम भागून जे उरले ते देणाऱ्याकडे परत गेले पाहिजे. नोकराला बाजारात पाठवले तर सुटे पैसे तो परत आणतो, तसेच. दोष नेमका याच तुलनेत होता. नोकराला पगार मिळतो. शिवाय ते पैसे आपोआप उरले नव्हते. दर आठवड्याच्या हिशेबातले कौशल्य आणि स्वतःच्या गरजांना घातलेली मुरड त्यामागे होती. उधळ्या गृहिणीचे यात काहीच गेले नसते. शिक्षा झाली ती काटकसरीला.

१९४९ मध्ये आणखी एक विलक्षण खटला आला. घरखर्चातून वाचलेल्या पैशांवर एका जोडप्याने फुटबॉलच्या निकालांवरील पैजेत रक्कम जिंकली आणि तिच्यातून फर्निचर घेतले. बहुमताने ते फर्निचरही पतीचेच ठरले. न्यायमूर्ती डेनिंग यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

लढा थांबला नाही. विवाहित स्त्रियांच्या संघटनेने प्रश्न लावून धरला. विवाह व घटस्फोटविषयक रॉयल कमिशनने १९५६ मध्ये अशी बचत दोघांत समान वाटावी, अशी शिफारस केली. तरीही आठ वर्षे गेली. अखेर एडिथ समरस्किल या डॉक्टर आणि मजूर पक्षाच्या नेत्या यांनी उमरावांच्या सभागृहात विधेयक मांडले आणि १९६४ मध्ये कायदा झाला: वेगळा करार नसेल, तर पतीने दिलेल्या घरखर्चातून उरलेला पैसा, आणि त्यातून घेतलेली वस्तूही, दोघांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची. गंमत अशी, की पत्नीने कमावून पतीच्या हाती घरखर्च दिला तर काय, याचा या कायद्यात उल्लेखच नव्हता. तसे घडू शकते, ही कल्पनाच कुणाला शिवली नसावी.

आणि आपल्याकडे? १८७४ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला, पण त्यातून हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना वगळले होते. हिंदू स्त्रीला स्त्रीधनाचा आधार होता खरा. परंतु कात्यायनाच्या नियमानुसार तिने शिल्पकर्मातून, म्हणजे हातच्या कसबातून, मिळवलेल्या धनावर स्वामित्व पतीचेच. माहेरून आलेला दागिना तिचा, स्वतःच्या कष्टाचा पैसा मात्र त्याचा!

डब्यातल्या पैशांविषयी १९६४ सारखा स्पष्ट कायदा भारतात आजही नाही. मात्र २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले, ज्यात पती सौदी अरेबियात नोकरी करून पैसे पाठवी आणि पत्नी इकडे घर व मुले सांभाळी. त्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेवर त्याने एकट्याचा हक्क सांगितला होता. घर सांभाळणे हेही मालमत्ता उभी करण्यातील योगदानच आहे, असे म्हणत न्यायालयाने पत्नीचा निम्मा वाटा मान्य केला.