रजिस्टर पोस्टाचा राजीनामा

आमच्या रोहण्याकडे सालदाराचं साल पाडव्याला सुरू व्हायचं, पाडव्याला संपायचं. करार तोंडी, पण मुदत मालकालाही ठाऊक, सालदारालाही. खाजगी शाळेतल्या मास्तरला कधीकधी तेवढंही ठाऊक नसे. काही संस्थाचालक नेमणुकीच्या दिवशीच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवत. मर्जी फिरली की तारीख टाकली, झालं! कागदोपत्री मास्तर स्वखुशीने गेलेला.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा महाराष्ट्रात १५ जुलै १९८१ पासून लागू झाला. त्यातलं कलम ७ वाचाच. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची; एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने धाडायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पोस्टाचा शिक्का काही संस्थाचालकाच्या कपाटात नसतो!

संस्थेचे हात अगदीच बांधले नव्हते. तेव्हाच्या २ वर्षांच्या प्रोबेशनमध्ये काम बरं नसेल तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन कमी करता येई. कायम शिक्षकाला मात्र चौकशीशिवाय काढता येईना. काढलंच तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. उलट कायम मास्तरलाही नोकरी सोडायची तर ३ महिन्यांची नोटीस द्यावी लागे.