कीटकभुकटी (कुक्कुटखाद्य)

कीटकांच्या अळ्या किंवा कोषावस्थेतील किडे वाळवून, बहुधा तेल काढून दळलेली भुकटी. कोंबडीखाद्यात ती सोयापेंड व फिशमील यांना पर्याय म्हणून वापरतात. मोकळी कोंबडी उकिरडा उकरून किडे वेचतेच. नवे आहे ते किडे कारखान्यात पोसणे.

सर्वाधिक वापर ब्लॅक सोल्जर फ्लाय (हर्मेशिया इल्युसेन्स) या माशीच्या अळ्यांचा होतो. प्रौढ माशी मुख्यतः अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठ-दहा दिवस काढते. मादी अंडी ओल्या कचऱ्यात न घालता शेजारच्या कोरड्या फटीत घालते. म्हणून पैदासघरात नळीदार पुठ्ठ्याचे तुकडे ठेवतात आणि अंडी आयती हाती येतात. अळ्या दोन-तीन आठवड्यांत पोसतात. कोषात जाण्यापूर्वी त्या खाणे सोडून कोरड्या जागेकडे सरपटतात. वाटेत उतार करून ठेवला की आपणहून डब्यात पडतात.

वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिन असते, तेल काढल्यावर ५० ते ६०. कॅल्शियम भरपूर असते आणि चरबीत खोबरेलाप्रमाणे लॉरिक आम्ल. मात्र प्रथिनाचा आकडा जपून वाचावा. तो नायट्रोजनाला ६.२५ ने गुणून काढतात, आणि अळीच्या कवचातील कायटिनातही नायट्रोजन असतो. त्यामुळे आकडा फुगतो, ४.७६ हा गुणक अधिक योग्य, असे संशोधक सुचवतात.

भारतात रेशीम उकलल्यावर उरणारे मेलेले किडे हा जुना कच्चा माल आहे. तो स्वस्त असतो, पण तेलकट असल्याने लवकर खवट होतो आणि त्याला उग्र वासही येतो.

‘मॅड काऊ’ रोगानंतर युरोपीय संघाने २००१ मध्ये पशुखाद्यात प्राणिज प्रथिनांवर व्यापक बंदी घातली. कीटकभुकटीला मत्स्यखाद्यासाठी २०१७ मध्ये, तर कोंबड्या व डुकरांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये मुभा मिळाली. पण कायद्याच्या लेखी या अळ्याही पाळीव पशूच! त्यामुळे त्यांना शेण किंवा हॉटेलातील खरकटे चालत नाही. कचरा फस्त करणारी म्हणून जिची ख्याती, त्या अळीला बहुतांशी कोंबडीला थेट घालता येईल असेच खाद्य द्यावे लागते. मग भुकटी सोयापेंडीपेक्षा महाग पडली तर नवल नाही. खरा अडसर पोषणाचा नसून हाच आहे.

जिवंत अळ्यांना ही बंदी लागू नव्हती. नेदरलँड्समध्ये काही अंडी उत्पादक त्या कोंबड्यांपुढे टाकतात. तेथे प्रथिनाइतकाच हेतू कोंबड्यांना उकरण्यात गुंतवण्याचा असतो, म्हणजे त्या एकमेकींची पिसे कमी उपटतात.