पितळेचे दोन धातू आणि एक विकर

कसबा पेठ ही पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती. तिच्या तांबट आळीत पेशवाईपासून त्वष्टा कासार मंडळी हंडे, घंगाळी, बंब आणि पातेली घडवत आली. पत्र्यावर ठोके देऊन ओळीने खळ्या उठवण्याच्या कामाला माठारकाम म्हणतात. या खळ्या नुसत्या शोभेच्या नाहीत. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे लवकर चेपत नाही. तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. पण हेच दोन धातू आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकाच रेणूत शेजारी शेजारी बसलेले असतात, हे सहसा सांगायचे राहून जाते. तो रेणू म्हणजे शरीरातला दाह आवरणारे एक विकर. त्याची हकिकत पाहताना पुण्यातल्या पितळी पातेल्यांपर्यंत यावे लागते.

१९३८ मध्ये केंब्रिज येथे मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून एक निळसर हिरवे प्रथिन वेगळे केले. त्यात तांबे सापडले. पण ते करते काय, याचा पत्ता लागेना. तांबे साठवण्याची ही कोठी असावी, असा समज पुढे तीस वर्षे टिकला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच वेगळ्याच रासायनिक क्रियेचा अभ्यास करत होते. दुसऱ्या एका विकराचा नमुना घातला की ती क्रिया थांबे. शोध घेता कळले की थांबवणारे ते विकर नव्हतेच, तर नमुन्यात राहून गेलेली भेसळ होती. ती भेसळ म्हणजेच १९३८ चे प्रथिन! १९६९ मध्ये त्यांनी त्याला सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे नाव दिले. त्यात जस्तही आहे, हे १९७० मध्ये समजले.

सुपरऑक्साइड म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा असलेला ऑक्सिजनचा रेणू. श्वसनाच्या क्रियेत तो थोडा थोडा सतत तयार होत असतो. हे विकर असे दोन रेणू घेते आणि त्यांपासून एक रेणू साधा ऑक्सिजन व एक रेणू हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. वेग इतका की सुपरऑक्साइड विकरापर्यंत पोहोचायला जो वेळ लागेल, तेवढाच काय तो विलंब.

हा वेग येतो रचनेतून. जेन आणि डेव्हिड रिचर्डसन यांच्या गटाने १९७५ मध्ये गाईच्या विकराची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. माणसातल्या विकराची रचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. १५३ अमिनो आम्लांची एक साखळी, अशा दोन सारख्या साखळ्यांची जोडी. प्रत्येक साखळी आठ पट्ट्यांच्या पिंपासारखी वळलेली असते. तिच्या एका अंगाला अरुंद नरसाळे आहे आणि त्याच्या तळाशी तांब्याचा एक अणू. नरसाळ्याच्या कडेला धन विद्युतभार असतात. सुपरऑक्साइडवर ऋण भार असल्याने तो आपोआप आत ओढला जातो. तांब्याला चार हिस्टिडीन धरून ठेवतात, तर जस्ताला तीन हिस्टिडीन आणि एक अॅस्पार्टिक आम्ल. यातले एक हिस्टिडीन दोघांत सामाईक असते. तांबे एका सुपरऑक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेते आणि पुढच्याला देऊन टाकते. जस्त या देवघेवीत भाग घेत नाही, ते रचना घट्ट धरून ठेवते.

दाहाशी याचा संबंध १९७३ मध्ये लागला. जंतूंवर चाल करणाऱ्या पांढऱ्या पेशी हत्यार म्हणून मुद्दाम सुपरऑक्साइड सोडतात, असे त्या वर्षी बेबियर यांच्या गटाने दाखवले. हत्यार दुधारी आहे. सांध्यातला द्रव ज्या हायल्युरॉनिक आम्लामुळे बुळबुळीत राहतो, ते आम्ल या माऱ्यात तुटते आणि डिसम्यूटेज घातले तर वाचते, असे मॅककॉर्ड यांनी १९७४ मध्ये सिद्ध केले. गंमत अशी की गाईच्या यकृतातून काढलेले हेच प्रथिन, त्याचे खरे काम कळण्याआधीपासून, ऑर्गोटीन या नावाने दाहशामक म्हणून अभ्यासले जात होते. औषध म्हणून ते फारसे टिकले नाही. रक्तात ते काही मिनिटांतच कमी होते, शिवाय परके प्रथिन असल्याने काहींना त्याची अॅलर्जी होई.

आता हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळू. कॅटॅलेजसारखी विकरे त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करतात. पण आसपास मोकळे तांबे असेल, तर त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो आणि तो समोर येईल त्या रेणूला इजा करतो. नरसाळ्याच्या तळाशी बांधलेले तांबे दाह शमवते, सुटलेले तांबे तोच भडकवते. म्हणून पेशी तांबे सहसा मोकळे सोडतच नाही. खास वाहक प्रथिन ते हातोहात विकरापर्यंत पोहोचवते. यीस्टच्या पेशीत एकही मोकळा आयन सापडणे कठीण, असा १९९९ चा निष्कर्ष आहे.

हा बंदोबस्त कोलमडला तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी सोसले आहे. सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या बाळाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे, कावीळ होई आणि बहुधा काही महिन्यांत मूल दगावे. हा ‘भारतीय बालयकृत काठिण्य’ रोग. एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुले जात. १९७८ मध्ये अशा यकृतांत तांब्याशी निगडित साठे दिसले. मोठ्या माणसाच्या निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे तांबे सुमारे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते, इथे ते कित्येकशे भरे.

कसब्याजवळच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांचा अभ्यास केला. त्यांनी आयांना विचारलेला प्रश्न साधा होता: बाळाचे दूध कशात तापवता? वरचे दूध फार लवकर सुरू झालेले आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा ठेवलेले, असे चित्र पुढे आले. १९८३ मध्ये हे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये निरोगी मुलांशी जोडीजोडीने तुलना केली, तेव्हाही तेच दिसले. दुधातले केसीन भांड्याचे तांबे उचलते. तान्ह्या बाळाच्या यकृतात गर्भातली तांब्याची शिल्लक आधीच असते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते. साठा पेलवेनासा झाला की यकृताच्या पेशी मरतात, दाह होतो आणि व्रण धरतो. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर दिले तर काही मुले वाचली. पण खरा उपाय भांडे बदलण्याचा होता, आणि स्टेनलेस स्टील घरोघर आले तसा हा रोग दुर्मीळ होत गेला.

याचा दोष तांबटांच्या माथी मारणे आम्हांला बरोबर वाटत नाही. कल्हई हा कथिलाचा थर असतो. तो शाबूत असेल तर दूध तांब्याला लागतच नाही. पितळी भांड्यात कल्हईशिवाय आंबट शिजवू नये, हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. दुधाला मात्र आंबटपणाची खूण नसते. ते कळकत नाही, चवही बदलत नाही, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

तरीही त्याच भांड्यातले दूध पिऊन बहुतेक मुले धडधाकट राहिली. तांबे हेच कारण की आणखी काही, यावर त्यामुळे तज्ज्ञांत वाद झाले. ऑस्ट्रियातील टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावल्याचे १९९६ मध्ये नोंदले गेले. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात गाईचे दूध तापवत. वंशावळी तपासल्यावर संशोधकांनी आनुवंशिक दोषाचा अंदाज बांधला: आई-बाप दोघांकडूनही तो आला, तरच मूल बळी पडे. तो दोष त्या घराण्यांतून गेला असण्याचे कारण नाही. भांडी बदलली आणि रोग थांबला.